फोन रूट केला म्हणून वॉरंटी खरंच जाते का?

गेल्या पावसाळ्यात भाचा घरी आला तो तोंड पाडूनच. तो इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोन जेमतेम आठ महिन्यांचा, आणि चार्जिंगचा जॅक ढिला झालेला. केबल एका ठरावीक कोनात धरून ठेवली तरच फोन चार्ज व्हायचा, हात सुटला की बंद. वॉरंटी चालू होती म्हणून तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. काउंटरवरच्या मुलाने फोन बंद करून पुन्हा चालू केला. सुरुवातीलाच पडद्यावर उघड्या कुलपाचं चिन्ह आणि त्याखाली इशाऱ्याच्या दोन ओळी आल्या. मुलाने फोन तसाच परत सरकवला. "रूट किया है ना? वारंटी खत्म."

"मामा, रूट केलाय हे कबूल," भाचा म्हणाला, "पण त्याने जॅक कसा काय ढिला होईल?"

प्रश्न रास्त होता. मी संगणक शिकवतो, आणि दर बॅचमध्ये हाच प्रश्न घेऊन एखादा तरी मुलगा येतो. जेल रोडवरच्या मोबाइलवाल्यांना विचारलं तर ते छातीठोकपणे सांगतात, रूट म्हणजे वॉरंटी गेली. यूट्यूबवरचे उस्ताद तितक्याच छातीठोकपणे सांगतात, कंपनी तुमचं काहीही वाकडं करू शकत नाही. दोघांचंही अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात सामान्य माणसाचे पैसे बुडतात. म्हणून हे सगळं मुळापासून सांगतो.

रूट म्हणजे नेमकं काय?

जुन्या इंदुरातला एखादा वाडा डोळ्यांपुढे आणा. मधे चौक, भोवताली खोल्या, प्रत्येक खोलीत एक बिऱ्हाड. ज्याच्या त्याच्याकडे आपापल्या खोलीची किल्ली. जोशीकाकूंच्या फडताळात काय आहे ते शेजारच्या बिऱ्हाडाला दिसत नाही, आणि हवं असेल तर विचारावं लागतं. पण विहिरीवरचा पंप, विजेचं मुख्य बटण, गच्चीची किल्ली, तळघरातली तिजोरी या सगळ्यांचा जुडगा एकाच माणसाकडे असतो.

अँड्रॉइड फोनची आतली रचना अशीच आहे. तो लिनक्स नावाच्या प्रणालीवर उभा आहे. प्रत्येक ॲप म्हणजे एक बिऱ्हाड. फोन त्याला स्वतंत्र क्रमांक देतो आणि त्याच्या खोलीत कोंडतो. व्हॉट्सॲपला तुमच्या बँकेच्या ॲपची खोली उघडता येत नाही. फोटो हवे असतील तर 'परवानगी द्यायची का' असं तुम्हाला विचारावं लागतं. आणि ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्यांचा जुडगा असतो त्या वापरकर्त्याचं नाव 'रूट', क्रमांक शून्य.

खरी गोम पुढे आहे. तुम्ही रोख पैसे मोजून फोन घेतला तरी हा जुडगा तुम्हाला मिळत नाही. वाडा तुमच्या नावावर, पण तुम्ही त्यात राहता ते भाडेकरूसारखे. फोन रूट करणं म्हणजे हा जुडगा स्वतःच्या हातात घेणं, एवढंच. त्यात चोरी नाही, आणि आपलाच फोन रूट करणं हा गुन्हाही नाही.

देवडीवरचा पहारेकरी

जुडगा सहजासहजी हाती लागत नाही, कारण देवडीवर पहारेकरी बसलेला असतो. त्याला 'बूटलोडर' म्हणतात. फोनचं बटण दाबल्यावर अगदी सुरुवातीला जागा होणारा हा छोटा प्रोग्राम. त्याचं मुख्य काम, आत जाणाऱ्या सॉफ्टवेअरवरची कंपनीची मोहोर तपासणं. ही मोहोर लाखेची नसते, गणिती असते. मजकुरात एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. २०१६ साली अँड्रॉइडची सातवी आवृत्ती आली, तेव्हापासून ही तपासणी कडक झाली. मोहोर जुळली नाही तर फोन सुरूच होत नाही.

म्हणून रूट करणारा आधी पहारेकऱ्याला सांगतो, 'यापुढे मोहोर बघू नकोस.' याला बूटलोडर अनलॉक करणं म्हणतात. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की एरवी दडलेला एक मेन्यू उघडतो. त्यात अनलॉकची मुभा देणारं बटण असतं. मग फोन संगणकाला जोडून आज्ञा द्यायची. त्याच क्षणी फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, संदेश, हिशेब, काही उरत नाही. ही सोय जाणूनबुजून ठेवली आहे. नाहीतर चोराने फोन पळवला असता, अनलॉक केला असता आणि आतलं सगळं वाचलं असतं.

पहारेकरी बाजूला झाला की मग रूट देणारं साधन आत सोडायचं. हल्ली बहुतेक जण 'मॅजिस्क' वापरतात. २०१६ पासून ते आहे. फोनच्या मूळ फाइलींना हात न लावता ते काम साधतं, हे त्याचं वैशिष्ट्य.

यानंतर फोन चालू करताना दर वेळी इशारा दिसतो. बूटलोडर उघडा आहे, आतल्या सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही, अशा अर्थाचा. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने पाहिलं ते हेच चिन्ह. नीट लक्षात घ्या, त्याने दार उघडं असल्याचं पाहिलं होतं. जॅक कशाने ढिला झाला ते त्याने पाहिलंच नव्हतं.

सगळ्या कंपन्या हे दार उघडू देत नाहीत. गूगलच्या पिक्सेलमध्ये ते सरळ उघडता येतं. शाओमीने त्यासाठी स्वतःचं साधन ठेवलं आहे, पण खातं जोडून काही दिवस थांबायला लावतात. मोटोरोला कोड देते, पण त्याआधी वॉरंटीवर पाणी सोडल्याचं कलम मान्य करून घेते. आणि कित्येक फोनांत वाटच नाही.

पण मुळात रूट करायचंच कशाला?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी ती गरज होती. पहिला अँड्रॉइड फोन २००८ साली आला. पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे जे स्वस्त फोन मिळायचे त्यांत जागा इतकी तोकडी की चार ॲप टाकली की फोन रडायला लागायचा. ॲप मेमरी कार्डावर नीट हलवायचं तर रूट लागायचं. साधा स्क्रीनशॉट घ्यायचा तर अनेक फोनांत रूट लागायचं. मग या सोयी एकेक करून अँड्रॉइडमध्येच आल्या. स्क्रीनशॉट २०११ मध्ये आला, ॲपला एखादी परवानगी देऊन दुसरी नाकारण्याची सोय २०१५ मध्ये, स्क्रीन रेकॉर्डिंग २०२० मध्ये.

आज मुलं रूट करतात ती मुख्यतः कंपनीने आधीच कोंबलेली ॲप आणि जाहिराती काढायला. भाच्याचंही तेच. हवामानाच्या ॲपमध्ये जाहिरात, कॅल्क्युलेटरमध्ये सूचना, आणि ते ॲप काढायला जावं तर 'काढता येणार नाही'. त्याचा संताप मी समजू शकतो. पण एवढ्यासाठी रूटची गरज नाही. फोन संगणकाला जोडून 'एडीबी' नावाच्या गूगलच्याच साधनाने बरीचशी नको असलेली ॲप आपल्या खात्यापुरती काढता येतात. बूटलोडरला हात लागत नाही, डेटा पुसला जात नाही, आणि फोन फॅक्टरी रीसेट केला की सगळं मूळपदावर येतं. फक्त कोणतं ॲप कशाचं आहे ते नीट बघूनच काढायचं.

आणखी एक कारण मला मनापासून पटतं. फोन ठणठणीत, पण कंपनीने अपडेट बंद केले. अशा फोनवर लोकांनी मिळून बांधलेली 'लीनेजओएस'सारखी प्रणाली बसवली की तो आणखी काही वर्षं चालतो. तिच्यासाठी रूट लागत नाही, पण बूटलोडर उघडावा लागतो. अर्थात तोवर वॉरंटी केव्हाच संपलेली असते, त्यामुळे आजचा प्रश्न तिथे येत नाही.

कंपनीला कळतं कसं?

उघड्या कुलपाचं चिन्ह हा सर्वांत सोपा पुरावा. काही फोनांत त्याहून पक्का असतो. सॅमसंगच्या नॉक्स यंत्रणेत चिपच्या आत एक सूक्ष्म फ्यूज असतो. मोहोर नसलेलं सॉफ्टवेअर आत शिरलं की तो जळतो, आणि एकदा जळला की कायमचा. डाउनलोड मोड नावाच्या पडद्यावर 'वॉरंटी व्हॉइड' अशी ओळ असते, तिच्यापुढचा शून्य एक होतो. नंतर मूळ सॉफ्टवेअर बसवा, फॅक्टरी रीसेट करा, तो एकचा शून्य होत नाही. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगच्या पेमेंटची सोय त्या फोनमधून कायमची जाते.

म्हणून 'रूट काढून टाकला की कुणाला कळत नाही' या भरवशावर राहू नका. आणि एक धोक्याची सूचना. घाबरून बूटलोडर पुन्हा बंद करायला जाल, आणि आत मूळ सॉफ्टवेअर पूर्ण बसलेलं नसेल, तर पहारेकरी जागा होईल, त्याला मोहोर जुळलेली दिसणार नाही आणि तो कुणालाच आत सोडणार नाही. फोन सुरूच होणार नाही. मुलं त्याला 'ब्रिक झाला' म्हणतात, म्हणजे फोनची वीट झाली. आधी मूळ सॉफ्टवेअर, मग कुलूप, हा क्रम चुकवू नका.

जुना फोन घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. दुकानदाराला फोन तुमच्यासमोर बंद करून चालू करायला लावा आणि पहिले दहा सेकंद पडद्यावरून नजर हटवू नका.

वॉरंटी कशाची असते?

आता मुद्द्यावर येऊ. फोनची वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेलं लेखी वचन. साधारणपणे फोनला एक वर्ष, सोबतच्या चार्जर-केबलला सहा महिने. वचन असं, की बनवण्यातल्या किंवा मालातल्या दोषामुळे बिघाड झाला तर आम्ही फुकट दुरुस्त करू. हातातून पडला, पाण्यात गेला, बाहेरच्या माणसाने उघडला तर नाही.

यापलीकडे कायदाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. कंपनीच्या पत्रकात काहीही छापलेलं असो, सदोष माल आणि त्रुटीची सेवा यांविरुद्ध दाद मागण्याचा तुमचा हक्क या कायद्यातून येतो. पत्रक त्याला पुसून टाकू शकत नाही.

वाड्यात परत जाऊ. समजा ठेकेदाराने वाडा नव्याने बांधून दिला आणि छताची वर्षभराची हमी दिली. तुम्ही दिंडी दरवाजाचं कुलूप बदललंत. श्रावणात छत गळायला लागलं. ठेकेदार येऊन म्हणाला, "तुम्ही कुलूप बदललंत, हमी संपली." तुम्ही त्याला काय म्हणाल? कुलपाचा आणि छताचा काय संबंध, हेच म्हणाल. नव्या कुलपामुळे दाराची चौकट उखडली असती तर ती दुरुस्ती तुमच्या खिशातून, यात वाद नाही. पण छत त्याचंच.

माझं म्हणणं इतकंच आहे. प्रश्न 'रूट केलं होतं का' हा नाहीच. 'बिघाड रूटमुळे झाला का' हा आहे. चार्जिंगचा जॅक, पडद्यावरची रेघ, आत अडकलेलं बटण, कॅमेऱ्याच्या काचेआडची वाफ, यांचा जुडग्याशी संबंध नाही. फोन सुरूच होत नाही, सारखा बंद-चालू होतो, अपडेट बसत नाही, अशी तक्रार असेल आणि फोन रूट केलेला असेल, तर मात्र कंपनीने हात वर केले तर तिला दोष देता येणार नाही.

"पण अटींत स्पष्ट लिहिलंय, सॉफ्टवेअर बदललं तर वॉरंटी रद्द"

हो, बऱ्याच कंपन्यांच्या अटींत तसं असतं, आणि काउंटरवरचा मुलगा तेच वाचून दाखवतो. पण छापलेली प्रत्येक अट टिकतेच असं नाही. २०१९च्या कायद्याने 'अनुचित करार' ही कल्पना पहिल्यांदा आणली. झालेल्या नुकसानाच्या मानाने अवाच्या सवा दंड, किंवा ग्राहकाला तोट्यात ढकलणारी गैरवाजवी अट, हे तिच्यात येतं. कुलूप बदललं म्हणून छताची हमी रद्द करणं मला याच जातीचं वाटतं. मात्र अट मुळातच अनुचित आहे हा दावा जिल्हा ग्राहक आयोगात करता येत नाही, तो राज्य आयोगापुढे, म्हणजे आपल्या बाबतीत भोपाळला न्यावा लागतो. एका जॅकसाठी कुणी भोपाळच्या खेपा घालत नाही. 'माल सदोष आहे आणि दुरुस्ती नाकारली' अशी साधी तक्रार इंदूरच्या जिल्हा आयोगात होते, आणि आपलं काम बहुधा तिथेच भागतं.

इतर देश या वाटेवर आपल्या पुढे गेलेत. अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीबद्दलचा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. 'हे स्टिकर काढलंत किंवा दुसऱ्या कंपनीचे भाग वापरलेत तर वॉरंटी रद्द' अशा अटी छापणाऱ्या सहा कंपन्यांना तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये ताकीद दिली. युरोपात विक्रेत्याची जबाबदारी किमान दोन वर्षं असते, आणि पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो आधीपासून होता असं धरलं जातं. उलट सिद्ध करायचं तर विक्रेत्याने. आपल्याकडे ग्राहकाला इतकी मोकळीक नाही. दोष आहे हे आधी आपल्याला दाखवावं लागतं. पण नुसत्या बघण्याने दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि अहवालासाठी कायद्याने ४५ दिवसांची मुदत घातली आहे. त्या तपासणीचं शुल्क तक्रारदाराला भरायला लावता येतं, हेही माहीत असू द्या.

"रूट केल्याने हार्डवेअर बिघडूच शकत नाही"

इथे यूट्यूबवाल्यांचं चुकतं. बिघडू शकतं. जुडगा हातात आल्यावर प्रोसेसरचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे नेता येतो, तापल्यावर वेग कमी करणारी यंत्रणा बंद पाडता येते, चार्जिंगचा प्रवाह वाढवता येतो. स्पीकरचा आवाज मर्यादेबाहेर वाढवणारी साधनं तर सर्रास वापरली जातात, आणि त्यांनी स्पीकरची बारीक गुंडाळी जळते. हे म्हणजे गच्चीवर पाण्याची भलीमोठी टाकी चढवणं. मग छताला भेग पडली तर ठेकेदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. अशा वेळी कंपनीचा नकार रास्त आहे.

कायद्यातही एक कडक कलम आहे, आणि ते मुलांना कुणी सांगत नाही. वस्तूमुळे माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर भरपाई मागता येते. पण २०१९च्या कायद्याचं कलम ८७ म्हणतं की इजा होतेवेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात बदल केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध असा दावा चालत नाही. लिथियम बॅटरीच्या सुरक्षेच्या मर्यादा स्वतः काढून टाकल्या आणि फोन उशाशी पेटला, तर हे कलम आडवं येणार. जॅकच्या फुकट दुरुस्तीपेक्षा ही गोष्ट फार मोठी आहे. चार्जिंग आणि तापमान यांच्या मर्यादांना हात लावू नका, असं मी प्रत्येक मुलाला हात जोडून सांगतो.

वॉरंटीपेक्षा मोठी किंमत

वॉरंटी वर्षभरात संपतेच. रोजचा त्रास होतो तो पैशांच्या ॲपचा. इंदुरात आज सकाळच्या पोह्या-जिलबीपासून रात्री सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसापर्यंत सगळं क्यूआर कोडवर चालतं. आणि रूट केलेल्या फोनवर बँकेचं ॲप अचानक म्हणतं, 'हे उपकरण सुरक्षित नाही.'

हा बँकेचा लहरीपणा नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेचे निर्देश काढले. फोन रूट केलेला आहे का हे तपासून तसं असल्यास ॲप बसू किंवा चालू न देण्याची सोय करता येते का ते पाहा, असं बँकांना त्यांतच सांगितलं आहे. कारण समजण्यासारखं आहे. एकदा जुडगा बाहेर आला की तो कुणाच्या हाती लागेल याचा भरवसा नाही. तुम्ही जाहिराती काढणाऱ्या ॲपला किल्ल्या दिल्यात, आणि त्याच ॲपने रात्री तिजोरीच्या खोलीत शिरून ओटीपी वाचले तर?

तपासणी कशी होते तेही सांगतो. बँकेचं ॲप फोनच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवत नाही. ते गूगलच्या 'प्ले इंटेग्रिटी' सेवेमार्फत देवडीवरून चिठ्ठी मागवतं. दार बंद आहे, मोहोर शाबूत आहे, अशी चिठ्ठी. पूर्वी ती चिठ्ठी बनावट तयार करणं तुलनेने सोपं होतं. मॅजिस्क वापरणारे रूट लपवायचे आणि ॲप फसायचं. आता चिठ्ठीवर खुद्द चिपच्या आतली सही मागितली जाते, आणि २०२५ पासून नव्या फोनांसाठी ही अट आणखी कडक झाली आहे. लपवाछपवीच्या नव्या युक्त्या अजूनही निघतात, पण आज चाललेली उद्या चालेल याची शाश्वती नसते. दूधवाला दारात उभा, आणि फोन म्हणतो 'उपकरण असुरक्षित'. काही फोनांत बूटलोडर उघडला की ओटीटीवरचे चित्रपट उच्च दर्जात दिसायचेही थांबतात. कंपनीचे अपडेट आपोआप बसेनासे होतात, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या अपडेटमधूनच येतात.

म्हणून मुख्य फोनवर, ज्यात घरचे पैसे आहेत त्यावर, मी रूट करू देत नाही. शिकायचं असेल तर घरातला जुना फोन घ्या आणि खुशाल उघडा. लिनक्स आतून कसं चालतं ते शिकायला त्याच्याइतकी स्वस्त प्रयोगशाळा दुसरी नाही.

सर्व्हिस सेंटरने नाकारलं तर

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जॉबशीट. फोन जमा केल्याचा, तक्रार काय ती लिहिलेला कागद. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. भाच्याने तेच केलं होतं. काउंटरवरचं 'वारंटी खत्म' हवेत विरून जातं, त्याच्यावर कुठे दाद मागणार? तक्रार नोंदवा, आणि नाकारायचं असेल तर कारण लिहून द्या म्हणा. कारण लिहायची वेळ आली की माणूस जरा थांबून विचार करतो.

दुसरं, खोटं बोलू नका. 'मी काही केलेलं नाही, आपोआप झालं' असं म्हटलं की पुढचं सगळं बोलणं वाया जातं. रूट केलंय हे कबूल करा आणि बिघाड वेगळा आहे हे दाखवा. जमलं तर मूळ सॉफ्टवेअर बसवून न्या. त्यावरही जॅक ढिलाच राहिला, तर सॉफ्टवेअरचा मुद्दा तिथेच मिटतो.

तिसरं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. फोन करा किंवा ऑनलाइन तक्रार नोंदवा. ती न्यायालय नव्हे, पण तक्रार थेट कंपनीच्या वरच्या माणसांपर्यंत पोचवते, आणि बरीच प्रकरणं तिथेच निवळतात. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. माल घेताना मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. फोन कुठल्याही शहरातल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेला असो, तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते.

आम्ही काय केलं ते सांगतो. भाच्याने एका रविवारी बसून मूळ सॉफ्टवेअर चढवलं. मग आम्ही दोघं सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. बूटलोडर उघडाच होता, चिन्ह दिसलंच, आणि त्या मुलाने तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. मी शांतपणे म्हटलं, "ठीक है बेटा, यही बात जॉबशीट पर लिख दो. जॅक ढीला होने का कारण रूट है, इतना लिख दो." तो आत गेला. बऱ्याच वेळाने एक वयस्कर तंत्रज्ञ बाहेर आले. भिंग डोळ्याला लावून त्यांनी जॅकमध्ये पाहिलं, केबल घालून हलकेच हलवली आणि म्हणाले, "सब-बोर्ड का काम है. फोन छोड़ जाइए." (सब-बोर्ड म्हणजे जॅक ज्यावर बसवलेला असतो ती सर्किटची छोटी पट्टी.) तरी आठवडाभर काही हललं नाही. मग १९१५ वर तक्रार नोंदवली, आणि चौथ्या दिवशी फोन तयार असल्याचा निरोप आला.

परत मिळालेल्या जॉबशीटवर दोन ओळी होत्या. वरची, सब-बोर्ड बदलला, वॉरंटीत, शुल्क शून्य. खालची, सॉफ्टवेअर ग्राहकाने बदललेले आहे, सॉफ्टवेअरच्या तक्रारी वॉरंटीत धरल्या जाणार नाहीत. भाच्याने दोन्हींखाली सही केली आणि कागद घडी करून बिलासोबत फोनच्या खोक्यात ठेवला.